धुतलेला ढग

खूप पूर्वी, राजे अजून प्रजेशी वाद घालत बसत, त्या काळची ही गोष्ट. एका गावात काचा घासणारा एक म्हातारा राहत होता. त्यानं दोन भिंगं घासून लांब नळीत बसवली, नळी परसात उभी केली आणि गावभर सांगितलं, "मृग नक्षत्राशेजारी एक तांबडा ढग आहे. तो स्वतःच्याच उजेडानं उजळतो."

गाव हसलं. राजानं येऊन नळीला डोळा लावला, पण त्याला काहीच दिसलं नाही. म्हाताऱ्याची नजर सरावलेली, त्याला पुसटसं दिसे.

"होळीपर्यंत मला ढग दाखव," राजा म्हणाला, "नाहीतर ही नळी फोडून टाकीन."

म्हाताऱ्याची उभी हयात त्या नळीत गेली होती. त्यानं एक लेप शोधला. उजेड पडला की तो तांबूस होई, आणि मिठाच्या पाण्यात बुडवला की मग उन्हातही बदलत नसे. लेप लावलेली काच नळीला जोडायची आणि आकाश सरकेल तशी नळी तीळतीळ फिरवायची. सकाळी बघावं, तर काच कोरी! कोपऱ्यात एका ताऱ्याचा ठिपका, बस्स.

"घासून टाक," तो बायकोला म्हणे. ती राखेनं काच लख्ख करून देई. असा सारा हिवाळा गेला.

शेवटी शेवटी म्हातारीचे हात थंडीनं फुटले. शेवटच्या अकरा काचा तिनं धुतल्याच नाहीत. कोनाड्यात एकावर एक रचून ठेवल्या.

होळीच्या सकाळी राजा घणवाल्याला घेऊनच आला. म्हातारा नळीला मिठी मारून रडू लागला.

"महाराज, कोऱ्या का असेनात, ह्यांची मेहनत तरी बघा," म्हणत म्हातारीनं काचांची चवड उन्हात धरली.

ठिपक्यावर ठिपका बसला होता. अकरा काचांचा न दिसणारा तांबूसपणा एकावर एक चढला होता. मधोमध ढग होता, कुंकवाचं बोट पुसावं तसा.

"एवढाच?" राजानं विचारलं.

"नाही महाराज," म्हातारा म्हणाला. "बाकीचा आम्ही धुऊन टाकला."

नळी वाचली. पुढच्या हिवाळ्यात एकही काच धुतली गेली नाही आणि अख्खा ढग उमटला. पण तोवर म्हाताऱ्याची नजर गेली होती. म्हातारी त्याच्या तळहातावर बोटानं ढग काढून दाखवी.

तात्पर्य: एका दिवसाचं काम कोरं दिसलं म्हणून पुसू नये, रंग चढतो तो साऱ्या दिवसांचा मिळून.