चिनी मातीची ताटली

“मग आता मी नेमका कुठला, बाबा?”

विचारणारा हेंड्रिक वोस्लू. गोरा, नामांकित वकील. दक्षिण आफ्रिकेतल्या एका लहानशा गावाला हुकूम आला होता, की ही जमीन गोऱ्यांची, काळ्यांनी उठायचं. तेव्हा हा गावाच्या बाजूनं कोर्टात उभा राहिला. वडिलांनी दार बंद केलं. क्लबानं नाव खोडलं. मोठमोठे पक्षकार निघून गेले.

सात वर्षांनी, आज सकाळी, खटला जिंकला. अख्खं गाव नाचत होतं आणि हा गडी तोंड पाडून बसलेला.

शेजारी मोलेफे बाबा पायानं ताल धरून होते. गावातले सगळ्यांत वृद्ध. हेंड्रिक त्यांना गुरू मानायचा; बाबांना त्याचं हसू यायचं.

“शहरातल्या वकिलांचं पत्र आलंय. चूक कबूल कर आणि परत ये, म्हणतात.” हेंड्रिकचा आवाज चढला. “मी सगळं सोडलं, बाबा. बंगला, मान, माणसं... तिकडचा राहिलो नाही. निदान इकडचा तरी झालो का?”

बाबांचा पाय ताल धरूनच होता.

“सांगा ना. उद्या उत्तर धाडायचंय.”

“भूक लागलीय,” बाबा म्हणाले. “चल.”

अंगणात भल्यामोठ्या परातीत मक्याची उकड वाफाळत होती. सगळे दाटीवाटीनं बसले. एकाच परातीत हात घालून जेवायची इथली रीत. हेंड्रिकला मात्र सात वर्षं चिनी मातीची ताटली आणि चमचा वेगळा यायचा. गावात तशी ताटली एकच होती.

आज ती आली नाही.

त्यानं वाट पाहिली. कान लाल झाले. काम झालं, आता कोण विचारतो?

“डिनेओमावशी, माझी ताटली?”

वाढणाऱ्या डिनेओमावशीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. शेजारचा माणूस जरासा सरकला, एवढंच.

हेंड्रिक बाबांकडे वळला. “सात वर्षांत एकदाही विसरला नाहीत. आजच विसरलात?”

बाबा इतके हसले, की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी हेंड्रिकचं मनगट धरलं आणि त्याचा हात सरळ परातीत घातला. उकड चांगलीच गरम होती. हेंड्रिक कळवळला, बोटं फुंकू लागला. सगळी पंगत खदखदून हसली.

“विसरतोय कशाला,” बाबा म्हणाले. “फळीवर आहे ताटली. पाहुणा आला की काढू.”