शेठजींची वाहनपूजा

एकदा एका व्यापाऱ्याने आपल्या अकरा वर्षांच्या कन्येसाठी क्वाड बाइक घेतली. चार जाड चाकांचं, पिवळ्या रंगाचं ते वाहन. पर्यटक वाळूवर चालवतात तसलं. व्यापाऱ्याचं नाव वामनशेठ. समुद्रकाठच्या त्या गावात प्लायवूडचं एकमेव दुकान त्यांचं, आणि कन्या इरावती हीदेखील एकुलती एक. त्यामुळे शेठच्या घरात ‘नाही’ हा शब्द कुणी फारसा वापरत नसे. शेठच्या पत्नी शालिनीबाई वापरत, पण त्यांचं कोण ऐकतं?

वाहन वाळूवर राहिलं असतं तर ही कथा सांगावी लागली नसती. पण वाळूवर बघायला असतं कोण? शेठला कन्येचं कौतुक गावाला दाखवायचं होतं आणि गाव रस्त्यावर भेटतं. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात इरावती वळणावरून अशा वेगाने आली, की मासे विकायला निघालेल्या मथुराबाईंनी टोपलीसकट गटारात उडी घेतली. बाई बचावल्या, बांगडे गेले. शेठने त्यांना नवी टोपली घेऊन दिली आणि गावभर सांगत सुटले, “काय वळवली पोरीने! मोठ्या माणसाला जमायचं नाही.” मोठ्या माणसाने ते केलं असतं तर लोकांनी त्याला चोपलं असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

दसऱ्याला वाहनपूजा करायची आणि नंतर इरावतीने हमरस्त्याने देवळापर्यंत मिरवत जायचं, असा बेत ठरला. त्या हमरस्त्यावर सणवार न पाळणारे खडीचे डंपर दिवसभर धावत असत. पूजेसाठी शेठने गावातल्या वृद्ध आचार्यांना बोलावलं. आचार्यांचं वय ऐंशीच्या पुढे, बोलणं मोजकं, आणि एरवी ते वाहनांच्या वाटेला जात नसत. त्यांच्यासोबत त्यांचा शिष्य आला. तिशीचा, सज्जन, आणि गुरू चारचौघांत काही विपरीत करतील या धास्तीने कायम घामाघूम झालेला.

अंगणात वाहन धुऊन-पुसून उभं होतं. इरावती गॉगल लावून त्यावर बसली होती. शेजारीपाजारी जमले होते.

“हेल्मेट?” आचार्यांनी विचारलं.

“केस विस्कटतात तिचे,” शेठ म्हणाले. “आणि आचार्य, भीती कसली? दोन चाकांची गाडी पडते. ही चार चाकांची आहे, पडेल कशी?”

“खाटेलाही चार पाय असतात, शेठ. लहानपणी तुम्ही कधी पडला नाहीत?”

लोक हसले. शेठही हसले, कारण आपल्याला काही सांगितलं जातंय हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. “मी चाकांखाली ठेवायला चाराच्या ऐवजी आठ लिंबं आणलीत,” ते म्हणाले. “वर लिंबू-मिरची वेगळी. एवढं केल्यावर काय व्हायचंय?”

“मग सुरुवात करू,” आचार्य म्हणाले.

त्यांनी पूजेचं ताट घेतलं, वाहनाला वळसा घातला आणि थेट शेठसमोर उभे राहिले. शेठच्या कपाळाला गंध लावलं. मग बोट कुंकवात बुडवून, शेठच्या नव्याकोऱ्या पांढऱ्या सदऱ्यावर, छातीच्या मधोमध, सावकाश स्वस्तिक काढलं. झेंडूचा हार शेठच्या गळ्यात गेला. लिंबू-मिरची सदऱ्याच्या वरच्या गुंडीला अडकली.

शिष्य लगबगीने पुढे झाला. तो गुरूंच्या कानाशी लागून म्हणाला, “आचार्य, वाहन तिकडे आहे.”

“दिसतंय मला. मोतीबिंदू काढून दोन वर्षं झाली,” आचार्य म्हणाले. “शेठ, उजवा पाय जरा उचला.”

शेठने गोंधळून पाय उचलला. आचार्यांनी चपलेखाली एक लिंबू ठेवलं, मग डाव्या चपलेखाली दुसरं. आता शेठ दोन लिंबांवर तोल सांभाळत, हार घालून, आपल्याच अंगणात उभे होते. मथुराबाई कुंपणापलीकडून बघत होत्या. त्या दिवशी त्यांचे बांगडे वसूल झाले, असं त्या अजूनही सांगतात.

मग आचार्यांनी नारळ हातात घेतला. शेठ एकदम लिंबांवरून खाली उतरले. “आचार्य, नारळ कशावर वाढवणार?”

“घाबरू नका. आधी एक सांगा, या गाडीत पेट्रोल कोणी भरलं?”

“मी.”

“किल्ली कुणाच्या खिशात असते?”

“माझ्या.”

“रस्त्याकडचं फाटक कोण उघडतं? तिला तर त्याची कडी पोचत नाही.”

शेठनी फाटकाकडे पाहिलं.

“त्या लेकराच्या हातात फक्त हँडल आहे,” आचार्य म्हणाले. “बाकीचं सगळं वाहन तुम्ही आहात. रस्त्यावर जातं ते तुमच्यामुळे आणि कुणाला धडकलं तर धडकणार तेही तुम्हीच. कायदाही उद्या तुम्हालाच धरेल, तिला नाही. मग पूजा कुणाची करायची?”

शालिनीबाई दारात ताठ उभ्या राहिल्या.

“आता फक्त ब्रेक तपासायचा राहिला,” आचार्य पुढे म्हणाले. “शेठ, कन्येला एकदा ‘नाही’ म्हणून दाखवा.”

“त्यात काय मोठंसं?” असं म्हणून शेठ वाहनाकडे वळले. इरावतीने गॉगल कपाळावर चढवून बापाकडे पाहिलं. शेठनी घसा खाकरला. “इरा,” ते म्हणाले, “ना... नाश्ता केलास का गं?”

“ब्रेक लागत नाही,” आचार्य शांतपणे म्हणाले.

नेमका तेव्हाच फाटकासमोरून खडीचा डंपर गेला. अंगणातली भांडी थरथरली. शेठ तो रस्ता रोज बघत होते, पण त्या दिवशी त्यांनी डंपरचं चाक पाहिलं, आणि मग वाहनावर बसलेल्या इरावतीचं डोकं पाहिलं. चाक उंच होतं. एवढ्या वर बसलेल्या ड्रायव्हरला ती दिसणारच नव्हती. वामनशेठ घाबरले. इतके घाबरले, की त्यांना गळ्यातला हार काढायचंही सुचलं नाही. त्यांनी पुढे होऊन गाडीला लावलेली किल्ली काढून घेतली.

“नाही,” ते म्हणाले. आवाज अगदी बारीक निघाला.

“आज नाही?” इरावतीने विचारलं.

“रस्त्यावर नाही. आज नाही, उद्या नाही. मोठी झालीस, लायसन्स मिळालं, की रस्त्यावर चालणारी गाडी घेऊ. तोवर नाही.”

इरावतीने गॉगल फेकला, “तुमच्याशी मी कधीच बोलणार नाही,” असं जाहीर केलं आणि आत जाऊन दार आपटलं. आचार्यांनी नारळ पायरीवर वाढवला. खोबरं सगळ्यांना मिळालं.

परतताना शिष्याने विचारलं, “आचार्य, हे चार शब्दांत सांगता आलं नसतं का? सदरा गेला बिचाऱ्यांचा.”

“चार शब्द सगळ्यांनीच सांगितले असतील रे. शालिनीबाईंनी तर रोज. शब्द झटकता येतात, कुंकवाचा डाग तितक्या सहज जात नाही.”

चौथ्या दिवशी वामनशेठ आचार्यांकडे आले. चेहरा पार उतरलेला. “तीन दिवस झाले, बोलत नाही हो. काल ताट सरकवलं. खोलीचं दार लावून बसते. मी हाक मारली की आतून काहीतरी आपटते. मला हे सोसत नाही. अंगणापुरती किल्ली देऊन टाकू का?”

“अंगणाला फाटक आहे, शेठ. आणि ते उघडणारे तुम्ही.”

शेठनी मान खाली घातली.

आचार्यांनी त्यांना जवळ बसवलं. “कुठे आहे ती आत्ता?”

“सांगितलं ना, खोलीत. दार लावून.”

“रागावलेली?”

“फार.”

“शेठ, त्या डंपरखाली काही झालं असतं, तर ते दार उघडंच राहिलं असतं. तुम्ही जन्मभर त्याच्यासमोर उभे राहिला असता, आणि आतून रागवायला कोणी नसतं.”

वामनशेठ डोळे पुसून उठले. “जातो,” म्हणाले. “दाराशी बसतो जरा.”

घरी येऊन ते खोलीबाहेर जमिनीवर बसले. “इरा,” त्यांनी हाक मारली. आतून एक उशी सणसणत येऊन दारावर आपटली. शेठना फार बरं वाटलं. त्यांनी पुन्हा हाक मारली.