नरसू गाडीवानाचा कासरा

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात नरसू नावाचा गाडीवान होता. बैलगाडी हाकण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता, आणि ही गोष्ट तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे. "जन्मात कंदी हातातला कासरा सोडला न्हाई," हे त्याचे आवडते वाक्य. एकदा गावच्या उतारावर बैल उधळले. कासरा टाकून उडी मारायला वेळ होता. पण कासरा सोडील तर तो नरसू कसला! गाडी उलटली. जीव वाचला, पण पायांतले बळ गेले ते गेलेच.

सुताराने त्याला चाकांची खुर्ची करून दिली. नरसूचे हात दणकट होते, चाके फिरवायला काहीच अडचण नव्हती. पण घर आणि पार यांच्यामध्ये तोच उतार होता, आणि एकट्याने त्यावर जायला त्याची छाती होत नसे. बायको हौसा सकाळी त्याला पारावर सोडी आणि संध्याकाळी शेतावरून परतताना घरी नेई. मधला सगळा वेळ नरसू धान्याच्या पोत्यासारखा एका जागी बसे. मनाला येईल तेव्हा निघावे आणि मनाला येईल तेव्हा परतावे, एवढेच त्याला हवे होते.

त्या गावात दरवर्षी मायाक्का धनगरीण मेंढरे घेऊन येई. आठ-दहा दिवस कळप नरसूच्या रानात बसे, रानाला खत मिळे, मग कळप पुढे जाई. यंदा कळपाबरोबर ढग्या नावाचा कुत्रा होता. वासराएवढा थोराड, करडा, आणि अतिशय लाडिक. मेंढरे राखायची सोडून तो नरसूच्या मांडीवर डोके टेकून बसे.

"कळप हलंस्तवर ऱ्हाऊ दे तुज्याकडं," म्हातारी मायाक्का म्हणाली. "जमलं तर ठिवून घे. न्हाई तर मी न्हेते."

नरसूला आनंद झाला. सोबती मिळाला, आता उताराची भीती कसली! त्याने काय करावे? ढग्याच्या गळ्यातला दोर खुर्चीच्या दांड्याला घट्ट बांधला, त्याला पुढे उभे केले आणि आरोळी ठोकली, "हैऽऽक!"

ढग्या निघाला. घराजवळच्या सपाटीवर खुर्ची अशी धावली की पोरेबाळे टाळ्या पिटत मागे पळाली. नरसू मिशीवर ताव देत होता. मग उतार आला. खुर्ची ढग्याच्या टाचांना लागली. तो दचकला. तेवढ्यात समोरून एक कोंबडी गेली आणि ढग्याने वाट सोडली. खुर्ची थेट उकिरड्यात.

लागले फारसे नाही, पण गाव पोट धरधरून हसला. हौसाला मात्र हसू आले नाही. नवऱ्याच्या डोक्यातला कचरा काढत ती म्हणाली, "अवो, एकदा गाडी उलटली ती काय थोडी झाली? आनखी एकदा खुर्ची कलंडली, तर कुत्रं कळपासंगं जाईल. सांगून ठिवते."

नरसूने तडक मायाक्काला बोलावून घेतले. "आक्का, ह्याला वेसण घालू का? दोर तरी जाडजूड दे."

मायाक्का हसली. "दोर कशाला बदलतूस? कुत्र्याची जागा बदल. बैल जुंपायचा असतुया. कुत्र्याला शेजारी चालवायचं. आन् दोर खुर्चीला बांधू नगंस, मनगटाला गुंडाळू नगंस. नुसता मुठीत धर. वेळ आली तर सोडता आला पायजे."

"सोडायचा?" नरसूच्या कपाळावर आठ्या पडल्या. पण पोत्यासारखे बसणे आठवले आणि त्याने मान डोलावली.

दुसऱ्या दिवसापासून नरसू आणि ढग्या घरामागच्या रिकाम्या खळ्यावर जाऊ लागले. पहिल्या दिवशी खुर्ची जागची हललीच नाही. ढग्याने चाके हुंगून घेतली, एवढेच. मग चाकाचा एक फेरा आणि भाकरीचा एक तुकडा. ढग्या पुढे गेला की नरसू थांबे. तो परत उजव्या चाकाशी आला की खुर्ची हले. मधूनच नरसूच्या तोंडून सवयीने "हैक" निघे आणि सगळे पहिल्यापासून करावे लागे. 'थांब' शिकायला ढग्याला चार दिवस लागले. धीर धरायला नरसूला सहा.

"दुरडीतल्या भाकऱ्या जातात कुठं?" हौसाने विचारले.

"शाळंत," नरसू म्हणाला.

कळप हलायचा दिवस उजाडला. भाकरी फडक्यात बांधून नरसू ढग्याला घेऊन उतारावर आला. हौसा दारात उभी राहिली. दोर सैल होता, ढग्या उजव्या चाकाला धरून चालत होता. निम्मा उतार सरला आणि खालच्या वळणावर मायाक्काचा कळप दिसला. कळपातली कुत्री ढग्याला पाहून भुंकली. ती त्याची भावंडे होती. ढग्याने एकदम उसळी घेतली. दोर ताठ झाला आणि खुर्ची उतारावरून घसरू लागली.

"नरसू, आवळ! आवळून धर!" पारावरचे गाडीवान ओरडले.

नरसूची मूठ जन्माच्या सवयीने आवळली. तोच उतार होता. त्याने डोळे मिटले आणि मूठ उघडली.

दोर सुटला. नरसूने दोन्ही हातांनी चाके गच्च धरली. खुर्ची थांबली. चार ढांगांत ढग्या कळपापाशी पोचला.

"ढग्या, थांब," नरसू म्हणाला. मोठ्याने ओरडायची त्याला भीती वाटली.

ढग्या थांबला. त्याने कळपाकडे पाहिले, मागे नरसूकडे पाहिले. मग दोर फरफटवत, शेपूट हलवत तो उतार चढून आला आणि उजव्या चाकाशी उभा राहून भाकरीचे फडके हुंगू लागला. नरसूने आख्खी भाकरी त्याच्यापुढे धरली. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो हसतही होता.

"हौसा," मायाक्का खालून ओरडली, "आता कशी न्हेऊ ह्याला? त्यानं तर आपलं घर निवडलं!"

"नरसू, कासरा सोडलास की रं!" गाडीवानांनी चिडवले.

"सोडला," नरसू म्हणाला, "म्हनून तर आज तुमच्याम्होरं सरळ बसलोय!"

तेव्हापासून नरसू पारावर सापडेना. कधी ओढ्यावर, कधी बाजारात, कधी देवळापाशी. संध्याकाळी हौसालाच दोघांना गावभर शोधत फिरावे लागे, आणि ती कुरकुर करत आनंदाने फिरे.

तात्पर्य: बलवान सोबत्याला नुसत्या जोराने आवरता येत नाही. धीराने शिकवून त्याला शेजारी चालवावे, आणि धोक्याच्या वेळी हट्ट सोडण्याचे धैर्यही अंगी असावे.