हौसाआजीच्या चुलीचा धूर

हौसाआजीची सरकारी मदत आपल्या हातून न जाता थेट तिच्या खात्यात पडू लागली, तेव्हापासून सर्जेराव सरपंचांच्या पोटात दुखत होतं. एका संध्याकाळी ते चार माणसं घेऊन तिच्या दारात उभे ठाकले.

"म्हातारे, मदत नव्हती तेव्हाही तुझ्या चुलीचा धूर रोज संध्याकाळी माझ्या माडीवरून दिसायचा. रोज रांधणारी तू गरीब कशी? उद्याच तक्रार करतो!"

आजी डाळीला लसणाची फोडणी देत होती. तिने मान वर केली.

"धूर दिसायचा खरा, सरपंच. कुणी कीव करू नये म्हणून पाचोळा जाळायची मी, वर भांडं नसायचं. पण तेव्हा माडीवर कधी फोडणीचा वास आला का?"

सरपंचांचं नाक नकळत चुलीकडे वळलं.

"आता येतोय ना? तेवढंही लिहा तक्रारीत."