सावळारामने ओळख काढली

एका गावात सावळाराम नावाचा भोळा माणूस होता. भोळा इतका, की कुणी ‘जरा थांबा’ म्हणून विसरून गेलं तर संध्याकाळपर्यंत तिथेच उभा राही. त्याचं नि आमचं घर भिंतीला भिंत लागून. त्यामुळे पुढचं सगळं मला आपोआप ऐकू आलं. कान फारसा लावावा लागला नाही.

त्या दिवशी त्याच्या बहिणीला, शेवंताला, बघायला पाहुणे येणार होते. आधीची दोन स्थळं हातची गेलेली. हे तरी जमावं म्हणून सावळारामची बायको यमुना पहाटेपासून राबत होती. तेवढ्यात स्वयंपाकघरातल्या भिंतीवर तिला एक किडा दिसला. तांबूस, तिळाएवढा.

“अहो, हा कसला किडा? पाहुण्यांच्या पोह्यांत पडला म्हणजे? जरा ओळख काढा बघू त्याची.”

सावळाराम भिंतीसमोर मांडी घालून बसला.

“राम राम. गाव कुठलं आपलं?”

किडा गप्प.

“आडनाव? मामा कुठले?”

किडा दोन बोटं वर सरकला.

“अगं, बोलत नाहीत. लाजाळू दिसतात.”

यमुनेने कपाळाला हात लावला. “त्याला काय विचारता? मास्तरांना दाखवा. डबीत घाला, झाकण घट्ट लावा.”

मास्तर शाळेत विज्ञान शिकवायचे. म्हणाले, “उघड डबी.”

“नाही उघडायची. घट्ट लावायला सांगितलंय.”

मास्तरांनी ती हिसकावूनच घेतली आणि भिंग काढलं.

“हे बघ सावळाराम, किडा असा विचारून ओळखायचा नसतो. आधी पाय मोजायचे. सहा. मग पाठ बघायची. रेघा आहेत. मग मिशा. टोकाला जाड आहेत. झाली ओळख. पिठातला किडा हा. चावत नाही, नुसता आयतं खायला येतो.”

“मग काय करू?”

“कडक उन्हात ठेव. तासाभरात आपणहून जातो.”

सावळाराम पाठ करत करत घरी आला. पाय, पाठ, मिशा, ऊन. किड्याला अंगणात ठेवलं आणि समोर राखण करत बसला.

यमुना म्हणाली, “एकट्याला काय ठेवता? पिठाच्या डब्यात त्याची सगळी मंडळी असेल. सगळ्या मंडळींना ऊन दाखवा.”

एवढं बोलून ती आत वळली, तोच दारात बैलगाडी थांबली. नवरा मुलगा, त्याचे वडील आणि आत्याबाई उतरल्या.

“अहो, मंडळी आली वाटतं,” यमुनेने आतून हाक दिली. “ओळख करून घ्या. मी पोहे घेऊन आलेच.”

मंडळी पडवीत बसली. सावळाराम कुणालाच काही विचारेना. विचारून ओळखायचं नसतं, हे तो आताच शिकला होता. तो खाली वाकला.

“काय शोधताय?” मुलाच्या वडिलांनी विचारलं.

“पाय मोजतोय. दोन, चार, आत्याबाईंचे धरून सहा. बरोबर. आता पाठ करा जरा.”

मुलगा बिचारा गरीब. वळला. सदऱ्यावर उभ्या रेघा होत्या. सावळारामने मान डोलावली आणि वडिलांच्या मिशीचं टोक चिमटीत धरून पाहिलं. पीळ देऊन चांगलं जाड केलेलं.

“पटली गं ओळख,” तो आत ओरडला. “पिठातलेच आहेत. चावत नाहीत, नुसते आयतं खायला आलेत.”

आत शेवंताच्या हातातली बशी पडली. तेही मला ऐकू आलं.

“आता उठा. सगळ्यांनी उन्हात बसायचंय,” सावळाराम म्हणाला आणि तिघांना हाताला धरून अंगणात, तापलेल्या फरशीवर नेऊन बसवलं.

आत्याबाई भावाला म्हणाल्या, “दादा, मुलगी सोन्यासारखी असेल. पण हा भाऊ दर दिवाळीला भेटायचा. चला.”

यमुना पोह्यांच्या बशा घेऊन धावत बाहेर आली. अंगण मोकळं.

“पाहुणे कुठायत?”

“गेले,” सावळाराम घाम पुसत म्हणाला. “मास्तरांनी तास सांगितला होता, हे पाच मिनिटांत गेले. एकसुद्धा मारावा लागला नाही.”