राजामृताचा दुसरा द्रोण

“डोंगरातल्या चाळीसच्या चाळीस भट्ट्या फोडा! मोहाची झाडं तोडा आणि तिथे द्राक्षं लावा!” वेळूगडच्या कर्णदेव राजाने भर दरबारात हुकूम सोडला आणि मिशीला पीळ भरला.

झालं होतं एवढंच, की महाराजांनी स्वतःच्या हातांनी मद्य केलं होतं. कुणा परदेशी पाहुण्याने दिलेल्या चार वेली त्यांनी राजवाड्यामागे लावल्या. वेळूगडच्या उन्हात द्राक्षं धरली ती बोराएवढी, आणि आंबट अशी की वाड्यातली माकडं एकेक चाखून शेजारच्या राज्यात राहायला गेली. पण महाराज मागे हटले नाहीत. त्यांनी ती द्राक्षं स्वतः पायांनी तुडवली, रांजणांत मुरवली आणि निघालेल्या रसाचं नाव ठेवलं ‘राजामृत’. असं अमृत घरात असताना प्रजेने मोहाची दारू प्यावी, हे काही त्यांना बघवेना.

गडाच्या पायथ्याची रायमती हे ऐकून तडक दरबारात आली. सासूच्या हातून तिच्याकडे आलेली लहानशी भट्टी, दारात तीन मोह. तेवढ्यावर तिचं घर चालायचं.

“महाराज, मोह तोडला तर आम्ही खायचं काय जी?”

“द्राक्षं खा!” महाराज म्हणाले. “बरं, तुला एक संधी देतो. तुझी मोहाची माझ्या राजामृताहून सरस ठरव, हुकूम मागे घेतो. पारख करतील हे माझे पंचवीस दरबारी. नाही जमलं, तर पहिली कुऱ्हाड तुझ्याच दारात पडेल!”

दरबारी खुदुखुदू हसले. रायमतीने त्यांच्यावरून एकदा नजर फिरवली. महाराजांना शिंक आली की नाकं पुसणारी ही माणसं! ही कसली पारख करणार?

“कबूल जी,” ती म्हणाली. “पण चाखायचं आमच्या भट्टीच्या रीतीने.”

“घे तुझी रीत! प्यायला रीत कसली आलीय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी दरबारात दोन रांजण मांडले गेले. प्रत्येकाच्या पुढ्यात पळसाच्या पानांचे दोन द्रोण ठेवले. एकात पहिल्या धारेची मोहाची, दुसऱ्यात राजामृत. सगळ्यांनी दोन्हींचा एकेक घोट घेतला. मोहाचीला सेनापती मल्लोजीरावांचे डोळे सुखाने मिटले, ते रायमतीने पाहिलं. राजामृताला त्यांचा एकच डोळा मिटला, आणि बऱ्याच वेळाने उघडला.

“बोला!” महाराज म्हणाले.

“राजामृत!” प्रधान भास्करपंत उठले. “दुसरं नावच नको!”

“जिभेवर आधी मोगरा उमलतो,” कविराज डोलत म्हणाले, “मग लांबून चंदनाचा सुगंध येतो, आणि शेवटी साक्षात चांदणं पडतं!”

“याने वात, पित्त, कफ तिन्ही पळून जातात!” राजवैद्यांनी ग्वाही दिली.

‘पळणारच,’ रायमती मनात म्हणाली, ‘थांबतंय कोण?’

पंचवीसची पंचवीस मतं राजामृताला!

“संपलं!” महाराजांनी मांडीवर थाप मारली. “कुऱ्हाड काढा!”

“चाखणं अजून अर्धंच झालंय जी,” रायमती म्हणाली. “पहिला द्रोण आमच्याकडे कुणी जमेस धरत नाही. ज्याने जी वाखाणली, तिचाच दुसरा द्रोण काठोकाठ भरून त्याच्या हातात द्यायचा, आणि करणाऱ्याच्या समोर एका दमात रिकामा करायचा. नाही केला, तर करणाऱ्याचा अपमान! आणि इथे तर करणारे साक्षात महाराज.”

तिने पंचवीस द्रोण भरले.

“माझा आज उपास,” भास्करपंत पुटपुटले.

“अगंबाई! मग मघाचा घोट कसा चालला पंत?”

“तो… तो उपासाआधीचा!”

“मला लढाईतली जुनी जखम आहे,” सेनापती म्हणाले.

“कुठं जी?”

“घशात!”

“अमृत थेंबानेच घ्यायचं, असं शास्त्र सांगतं,” राजवैद्य म्हणाले. कविराजांनी तर आपला द्रोण हळूच खांबामागच्या कुंडीत ओतला. त्या कुंडीतल्या निवडुंगाने मान टाकली ती टाकलीच.

“नतद्रष्टांनो!” महाराज कडाडले. “दोन घोट घशाखाली जात नाहीत? मीच दाखवतो!”

आजवर महाराजांनी राजामृत तीर्थासारखंच घेतलं होतं. एवढंसं घेऊन मग त्याचं कौतुक करण्यातच त्यांचा दिवस जायचा. आज पहिल्यांदा त्यांनी भरला द्रोण तोंडाला लावला. पहिल्या घोटाला मिशीचा पीळ उलगडला. दुसऱ्या घोटाला डोळ्यांतून धारा लागल्या. तिसऱ्याला द्रोण गळून पडला. महाराजांनी चाचपडत हाताला लागेल तो द्रोण उचलला आणि घटाघटा पिऊन टाकला. तो मोहाचीचा होता. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परतला. डोळे मिटूनच त्यांनी रिकामा द्रोण पुढे केला.

“घाल गं, अजून घाल!”

रायमतीने काठोकाठ घातली. महाराजांनी एका दमात संपवली, ओठ पुसले, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं.

“लबाडे!” ते ओरडले. “माझ्याच दरबारात मला हरवलंस?”

“मी कशी हरवीन जी?” रायमतीने हात जोडले. “हे पंचवीस जण तर तुमच्याच बाजूने बोलले. माझ्या बाजूने दुसरा द्रोण घेतला तो तुम्ही एकट्यानेच! आता हे पंचवीस खरे की महाराज खरे, एवढं या मंडळींनीच सांगावं.”

पंचवीस दरबारी ताडकन उभे राहिले आणि एका सुरात ओरडले, “महाराज खरे!”

महाराज असे हसले, असे हसले, की मुकुट सांभाळायला हुजऱ्याला धावावं लागलं.

“हुकूम फाडून टाका!” डोळे पुसत ते म्हणाले. “चाळीसही भट्ट्यांना कायमची सनद द्या. रायमतीला माझ्या हातातलं हे सोन्याचं कडं. आणि उरलेलं राजामृत या पंचवीस रसिकांच्या घरी आत्ताच्या आत्ता वाजतगाजत पोचवा!”