सातवा गडी

प्राणी हुतूतू खेळत, त्या काळची गोष्ट. एका सकाळी मुंगूस नेहमीसारखे बीळ झाडत असताना कावळा अस्वलाचा निरोप घेऊन आला. "संघ भरला, मुंगूसराव. पुढच्या हंगामात या."

"अरे, पण अस्वलदादांनी शब्द दिला होता! त्या भरवशावर मी घोरपडमावशीच्या संघाला नाही म्हटलं."

"शब्द वीस जणांना दिलाय. खेळणार सातच."

मुंगूस मान खाली घालून घोरपडीकडे गेले. तिथे सहाच गडी सराव करत होते.

"सातवा कुठंय, मावशी?"

"हा काय, आत्ता आला. अस्वलाची खोड मला ठाऊक आहे रे. चल, चढाईला लाग."

मुंगूस तसेच चढाईला धावले. तो हंगाम ते जीव तोडून खेळले. पुढच्या पावसाळ्यात घोरपड वारली. तिचे आभार मानायचे राहून गेले.